अकरा ते चार

नाटकाच्या दौऱ्यावर असताना गाव बघायला मिळतं ते साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. त्याआधी झोप अर्धवट असते आणि त्यानंतर प्रयोग डोक्यात शिरतो. पहाटे कधीतरी बस लॉजच्या दारात थांबते, खोल्यांच्या किल्ल्या वाटल्या जातात, गरम पाण्यावरून थोडी कुरकुर होते, चहा-पोहे होतात. रात्री साडेनऊचा प्रयोग असला की साडेसातला रंगपटात हजर राहायचं. पडदा पडला की सेट उतरवायला घेतात, जेवणं होतात आणि एकच्या सुमारास बस पुढच्या गावाला लागते. मधले चार-पाच तास तेवढे आपले. बहुतेक जण ते झोपून काढतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. बसच्या सीटवर रात्र काढल्यावर पाठीचं काय होतं हे मलाही ठाऊक आहे. मी मात्र हिंडते.

हिंडण्याची हौस आहेच, पण त्यामागे एक विचारही आहे. पर्यटक गाव बघतो, फोटो काढतो आणि जातो. गावाचं त्याच्याकडे काही काम नसतं. आमचं तसं नाही. दुपारी आम्ही ज्या गावाकडे बघतो, तेच गाव रात्री तिकीट काढून आमच्याकडे बघायला येतं. औषधाच्या दुकानातला मालक, बँकेतून घाईनं बाहेर पडणारी बाई, कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले निवृत्त मास्तर, यांतलं कोण ना कोण रात्री अंधारात बसून आपल्याला निरखणार असतं. अशी उलटी नजर फार थोड्या प्रवाशांच्या वाट्याला येते. कीर्तनकार, तमाशाचे फड, आणि निवडणुकीतला उमेदवार. त्यातला शेवटचा गाव बघत नाही, हा भाग वेगळा.

बाईमाणसानं परक्या गावात एकटं हिंडायचं तर एक साधी युक्ती आहे. हातात कापडी पिशवी ठेवायची. रिकामी असली तरी चालेल. पिशवीवाली बाई बाजाराला निघालीय असं सगळे धरून चालतात आणि वाटेला जात नाहीत. खांद्याला पर्स आणि डोळ्यांवर गॉगल असला की दर दहा पावलांवर कुणीतरी ‘कुठं जायचंय?’ म्हणून विचारतं.

इतकी वर्षं या धंद्यात काढून सांगली राहून गेली होती. या खेपेला लागून दोन प्रयोग होते, पहिला सांगलीला भावे नाट्यमंदिरात आणि दुसरा मिरजेला बालगंधर्व नाट्यगृहात. नाटकवाल्यांत सांगलीचा दबदबा मोठा. गावाला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथं, आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतात, हे आमच्या धंद्यातल्या पोराटोराला पाठ असतं. पण त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही, आणि मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटते. १८४२ मध्ये कर्नाटकाच्या किनाऱ्याकडच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली होती. भाषा कानडी. संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धनांनी ते खेळ पाहिले आणि आपल्या पदरी असलेल्या भाव्यांना सांगितलं, की असं काहीतरी, पण अधिक नीटनेटकं, मराठीत करून दाखवा. पुढच्या वर्षी ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट संभाषणं आपल्या मनानं, जागच्या जागी करायचे.

म्हणजे मराठी नाटकाच्या मुळाशी दौऱ्यावर निघालेली एक परगावची मंडळी आहे. सांगलीही तेव्हा तशी नवीच. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळी होऊन संस्थानची राजधानी झालेली, बाजारपेठा वसवत असलेली. कर्कीच्या त्या लोकांना काय दिसलं असेल या गावात? समुद्र बघणाऱ्या माणसांना कृष्णेचं पात्र केवढं वाटलं असेल? आपण मागे काय ठेवून चाललोय हे तर त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. खेळ केले, बिदागी घेतली, गेले. दौऱ्यावरचा नट गावाला काय देऊन जातो हे त्याला कधी कळत नाही, आणि ते बरंच आहे. कळलं असतं तर आम्ही आणखी शेफारलो असतो.

१८५१ मध्ये अप्पासाहेब वारले, राजाश्रय गेला, आणि भाव्यांना पोटासाठी मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये ते मुंबईला पोचले. जन्मानंतर दहा वर्षांच्या आत मराठी नाटक रस्त्याला लागलं, ते अजून रस्त्यावरच आहे.

लॉजवरून निघाले ती गणपती पेठेतून, मंदिरावरून, आयर्विन पुलावर. १९२९ मध्ये बांधून झालेला हा पूल, व्हाइसरॉयच्या नावाचा. सांगलीकरांना व्हाइसरॉयशी देणंघेणं नाही. त्यांच्या तोंडी ‘आयर्विन’ हे पाणी मोजायचं माप आहे. पावसाळ्यात गावभर एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. मी कठड्याला टेकून फुटांचे आकडे शोधत उभी होते. खाली नदी अगदी शहाण्यासारखी, पात्राच्या मधोमध, कडेला काठ सोडून चाललेली.

परत येताना एका दुकानात भडंग घ्यायला थांबले. सांगलीचं भडंग घेतल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही अशी सक्त ताकीद होती. दुकान लहान, भिंतीला वरपर्यंत फळ्या, डबे, आणि सगळ्यात वर जाड दोरीनं बांधलेली पत्र्याची पेटी. दुकानदार वजन करत होता तेव्हा माझं लक्ष भिंतीवरच्या रंगाच्या दोन पट्ट्यांकडे गेलं.

‘ही खालची पाचची,’ तो म्हणाला. ‘आणि ही वरची एकोणीसची. हितंपातूर पाणी.’ वरची पट्टी दाखवायला त्याला हात डोक्याच्या वर न्यावा लागला.

‘मग सामान?’

‘गेलं की ताई सगळं. ती पेटी तेवढी ऱ्हायली. कागदं आहेत तिच्यात. आधी ती चढवायची, मग बाकीचं. बायकोला बी पाठ आहे.’ एवढं बोलून त्यानं भडंगावर मूठभर जास्तीचं टाकलं आणि पुडीला दोरा गुंडाळला.

तिथून हरिपूरला गेले, रिक्षानं. कृष्णा आणि वारणेचा संगम तिथं आहे, काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. गोविंद बल्लाळ देवल या गावचे. ‘शारदा’ १८९९ चं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीची कहाणी त्यांनी संगीत नाटकात आणली आणि पौराणिक पात्रांच्या गर्दीत शेजारपाजारची माणसं उभी केली. मला खरं तर हरिपूरची पेवं बघायची होती. सांगलीची हळद देशभर जाते, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण एके काळी ती साठवली जायची हरिपूरच्या जमिनीत खणलेल्या पेवांत. इथली माती अशी, की आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. तोंड बंद केलं की वरून चालणाऱ्याला पत्ता लागू नये, पायाखाली किती पोती आहेत. उघडलं तरी लगेच कुणी आत उतरायचं नाही. कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, हळद गेली आणि पेवांचा तो काळही बहुतेक तिथंच संपला. एक आजोबा काठीनं जमीन दाखवत होते, ‘इथं एक होतं, तिथं एक होतं.’ मला सपाट माती दिसत होती. त्यांना अजून तोंडं दिसत होती.

चारला परत लॉजवर.

आता रात्रीचं सांगते. आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात एक प्रसंग आहे. दिराकडची माणसं वाटणी मागायला यायची आहेत आणि घरात धांदल उडाली आहे. मी त्या घरातली थोरली जाऊ. पदर खोचून मी ओरडते, ‘महत्त्वाचं तेवढं माळ्यावर टाका, बाकीचं गेलं तरी चालेल!’ या वाक्याला हशा येतो. हमखास. पुण्यात येतो, ठाण्यात येतो, नाशकात तर टाळी येते. समोरचा नट त्या हशासाठी थांबतो, हशा ओसरला की आपलं वाक्य टाकतो. बसवलेलंच तसं आहे.

सांगलीत हशा आला नाही. एक-दोन खुर्च्या कुरकुरल्या, मागून कुणीतरी ‘हं’ केल्यासारखं वाटलं, बास. समोरचा नट थांबून राहिला. मला मात्र त्या क्षणी दुकानातली पेटी दिसली. मी थांबले नाही. माझं पुढचं वाक्य, जे एरवी तावातावानं येतं, ते नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत म्हटलं. प्रेक्षक एकदम आमच्याजवळ सरकल्यासारखे झाले. तो अंक त्या रात्री विनोदी राहिला नाही, पण पडला नाही. विंगेत आल्यावर त्यानं विचारलं, ‘पब्लिक थंड आहे का गं?’ म्हटलं, ‘नंतर सांगते.’ सांगायला मिळालं ते बसमध्ये, भडंग खाताना.

आमच्यात अशा वेळी प्रेक्षकाला दोष द्यायची रीत आहे. ‘इथलं पब्लिक थंड, तिथलं रसिक, अमक्या गावचं उशिरा पेटतं.’ वर्षानुवर्षं ही प्रमाणपत्रं आम्ही वाटत असतो, आणि बहुतेक वेळा ती देणाऱ्यानं त्या गावचा बाजारही पाहिलेला नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या गावात रात्री उभं राहायचं ते दुपारी पायांखालून घालावं. त्यानं अभिनय सुधारतो असा काही नियम नाही. पण समोरच्या शांततेला नाव ठेवण्याआधी ती कशाची आहे याचा अंदाज येतो.

प्रयोगानंतर रंगपटात भेटायला येणाऱ्यांत एक सत्तरी-पंच्याहत्तरीचे गृहस्थ होते. पांढरा शर्ट, हातात छत्री. नाटकाबद्दल चार शब्द बोलले, चांगले आणि नेमके, आणि मग म्हणाले, ‘दुपारी आयर्विनवर तुम्हीच होता ना?’

‘हो. का हो?’

‘नाही, मंडळींना म्हटलं मी, ही बाई परगावची दिसते. आकडे बघत होती. आमच्यातलं माणूस नुसतं पाण्याकडं बघतं, त्याला आकडा कळतो.’

माझी पिशवीची युक्ती सांगलीत चालली नव्हती तर. आणि दुपारी आपण बघायचं, रात्री गावानं बघायचं, ही माझी वाटणीही तेवढी सरळ नव्हती. गाव दुपारीही बघत होतंच, फक्त तिकीट न काढता.

दुसऱ्या दिवशी मिरज. सांगलीपासून जेमतेम दहा किलोमीटर, महापालिका एकच, आणि तरी गाव पार निराळं. रंगभूमीच्या लेखी मिरजेचं मोठं देणं आहे: १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, शकुंतला म्हणून पहिलं पाऊल टाकलं ते मिरजेत. त्याहून अधिक मिरज गाण्याची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत होते, पलुसकर इथं शिकले, आणि अब्दुल करीम खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. दर्ग्याजवळच्या गल्लीत सतारी, तंबोरे करणारी दुकानं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी हे काम सुरू केलं. शिकलगार तलवारींना धार लावणारे. संस्थानांची शस्त्रं म्यानात गेली तेव्हा तेच हात तारांकडे वळले. सांगलीत नाटक आणि मिरजेत वाद्यं, दोन्ही एकाच काळात, तीन कोसांच्या अंतरात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही मानांकन मिळालं.

एका दुकानाच्या पायरीवर मी तासभर बसले. दारात कडू भोपळे टांगलेले. हे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. आत एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. तार जिच्यावर टेकते ती घोडी कानशीनं घासायची. एक हात, फार तर दोन हात. फुंकर मारायची. तार वर चढवायची, छेडायची, कान खाली नेऊन ऐकायचं. मान हलली नाही तर तार उतरवायची, पुन्हा एक हात कानस. मला पहिल्या आणि पाचव्या वेळच्या आवाजात फरक कळेना. त्यांना विचारलं, कधी थांबायचं हे कसं ठरवता?

‘ते गाणाऱ्यावर आहे,’ ते म्हणाले. ‘बायकी गळा, पुरुषी गळा, कुणाला उघडी लागते, कुणाला बंद. हा धारवाडला चाललाय. त्यांचा गळा ऐकलाय मी.’

‘ऐकला नसता तर?’

‘तर मधली ठेवतो. मधली कुणालाच नीट लागत नाही, पण कुणी परत पण आणत नाही.’

आमच्या दौऱ्याच्या प्रयोगांचं इतकं चोख वर्णन मी समीक्षकांकडूनही ऐकलेलं नाही.

हे सगळं लिहिताना एका गोष्टीची मला जाणीव आहे. हे हिंडणं नटांची चैन आहे. मी तंबोरा ऐकत बसले होते तेव्हा आमची बॅकस्टेजची मंडळी टेम्पोतून फ्लॅट उतरवत होती, लाइट टांगत होती. त्यांना गाव दिसत नाही. त्यांची गावाची ओळख वेगळीच आहे. कुठल्या गावचा रंगमंच उथळ, कुठं फळीत खिळा धरत नाही, कुठं विंगेत दिवाणही मावत नाही, कुठं टेम्पो मागच्या दारापर्यंत येतो आणि कुठं सगळा सेट जिन्यावरून खांद्यावर न्यावा लागतो, हे त्यांना विचारा. आमच्या सेटवाल्याला सांगलीत काय बघितलंस विचारलं, तर म्हणाला, ‘छान आहे. खोली आहे.’ गावाची नव्हे, रंगमंचाची. त्याच्यासाठी मी भडंगाची एक पुडी जास्त घेतली होती, ती दिली. त्यानं काही भागत नाही हे मला कळतं.

जुन्या कंपन्यांचं बरं होतं असं आमच्यात नेहमी म्हटलं जातं. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श अशा मंडळ्या एका गावात आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने राहायच्या. आचारी बरोबर, पंगत मांडलेली, वाण्याकडे खातं. त्यांना ते परवडायचं, कारण कंपनीकडे अनेक नाटकं तयार असत. आज ‘सौभद्र’, दोन दिवसांनी ‘शारदा’, तोच प्रेक्षक पुन्हा यायचा. आम्ही एकच नाटक घेऊन फिरतो, आणि एका नाटकाला एक गाव एक रात्र पुरतं. शिवाय बस, टेम्पो, लॉज आणि नाइटचा हिशेब निर्मात्याच्या मानेवर बसलेला असतो. त्या दिवसांसाठी मी हळहळत नाही. त्या कंपन्यांवर कर्जं चढली, कितीतरी पोरं आईबापांपासून दूर पंगतीत वाढली. मला मुलाच्या परीक्षेच्या दिवशी घरी पोचता येतं. पण महिनाभर राहणाऱ्या नटाला गाव आपोआप कळायचं. आम्हांला ते मुद्दाम जाऊन बघावं लागतं, आणि वेळ असतो अकरा ते चार.

तेव्हा आमच्या नव्या मुलांना एक विनंती आहे. लॉजवर पोचल्यावर झोपा, पाठ टेका, पण त्याआधी खाली काउंटरवर बाजार कुठल्या बाजूला आहे एवढं विचारून ठेवा. तासभर पुरतो. आणि तुम्हां प्रेक्षकांनाही एक सांगणं आहे. तुमच्या गावी नाटक लागलं असेल आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन कुणी नटी तुमच्या बाजारात घुटमळताना दिसली, तर फोटो नंतर काढा. आधी तिला तुमच्याकडे चांगलं काय मिळतं आणि यंदा गावात काय झालं, ते सांगा.